झेरावना : मेंढ्यांच्या वाटेवर उभे राहिलेले गाव

१.
बल्गेरियाच्या पूर्व भागातील डोंगरात झेरावना नावाचे एक लहान गाव आहे. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, उंच कुंपणभिंती, त्यांच्या आड काळवंडलेल्या लाकडाची दुमजली घरे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील अशी दोनशेच्या वर घरे येथे अजून उभी आहेत. कायम राहणारी माणसे मात्र काही शे. एवढ्या थोड्या माणसांना एवढी मोठी घरे कशासाठी लागली होती? आणि ज्यांनी ती बांधली त्यांचे वंशज गेले कोठे? या दोन प्रश्नांचा मागोवा घेतला की एका गावाबरोबर एका साम्राज्याचा, चार युद्धांचा आणि आजच्या बल्गेरियाचा इतिहास उलगडतो.

२.
प्रथम भूगोल. बल्गेरियाला पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत आडवी छेदणारी जी पर्वतरांग आहे, तिला तेथील लोक ‘स्तारा प्लानिना’, म्हणजे ‘जुना डोंगर’ म्हणतात. तुर्कांनी तिला ‘बाल्कन’ म्हटले आणि हेच नाव पुढे साऱ्या द्वीपकल्पाला मिळाले. या रांगेच्या उत्तरेस डॅन्यूबचे मैदान आहे, दक्षिणेस थ्रेसचे. रांगेच्या पूर्व भागात कोतेल हे डोंगरी गाव आणि त्याच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर झेरावना. शेतीसाठी जमीन थोडी, हिवाळा कडक, रस्ते चढउताराचे. पोट भरण्यासाठी मनुष्य आपणहून निवडेल अशी ही जागा दिसत नाही.

३.
मग माणसे येथे का आली? याचे लोकप्रिय उत्तर असे: तुर्कांच्या जुलमाला कंटाळून बल्गेरियन लोक मैदान सोडून डोंगरात लपले आणि तेथे त्यांनी आपला धर्म व भाषा जपली. गाव रिकामे का झाले, याचेही एक लोकप्रिय उत्तर आहे: १९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळली आणि तरुण परदेशी गेले. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. पण दोन्ही अपुरी आहेत. झेरावना साम्राज्यापासून लपून श्रीमंत झाले नाही; साम्राज्याशी व्यवहार करून झाले. आणि त्याचा ऱ्हास १९८९ च्या शंभर वर्षे आधीच सुरू झाला होता.

४.
चौदाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियन राज्य ओस्मानी सत्तेखाली आले. १३९३ मध्ये राजधानी तारनोवो पडली. नव्या सत्तेपुढे एक व्यावहारिक अडचण होती. सैन्य, टपाल, व्यापारी तांडे यांना बाल्कनच्या खिंडी ओलांडाव्या लागत आणि प्रत्येक खिंडीवर शिपाई ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून राखणीचे काम खिंडीजवळच्या गावांवरच सोपवण्यात आले. त्या बदल्यात काही करांतून सूट मिळे. अशा गावांना ‘देर्बेंद’ म्हणत. हा शब्द फारसीतून आला आहे. ‘दर’ म्हणजे दार आणि ‘बंद’ म्हणजे अडवणे. यांतील ‘बंद’ हा शब्द मराठीनेही फारसीकडूनच उचललेला आहे.

५.
कोतेल हे असेच खिंडीची राखण करणारे गाव होते. विशेष कर्तव्य आणि त्याबदली सवलत, या चौकटीत डोंगरातील वस्ती टिकली आणि वाढली. मैदानातील शेतकऱ्यावर जमीनदाराचा, सैन्याच्या येण्याजाण्याचा आणि साथीच्या रोगांचा जितका भार पडे, तितका डोंगरात पडत नसे. म्हणजे डोंगर हा आडोसा होताच, पण तो राज्याच्या बाहेरचा नव्हता. राज्यानेच मान्य केलेला आणि राज्याला हवा असलेला तो आडोसा होता.

६.
यापुढची पायरी म्हणजे मेंढ्या. इस्तंबूल हे त्या काळातील युरोपातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते. तेथील लाखोंच्या वस्तीला, राजवाड्याला आणि जानिसारी पलटणींना रोज मटण लागे, आणि मटण म्हणजे मुख्यतः मेंढीचे. शहरात मांस कमी पडले तर दंगा होण्याची भीती असे. त्यामुळे मेंढ्यांचा पुरवठा बाजारावर न सोडता राज्याने तो नोंदवह्यांत बांधला. बाल्कनमधील ऐपतदार माणसांच्या नावापुढे किती मेंढ्या पोहोचवायच्या ते लिहिलेले असे. या पुरवठादारांना ‘जेलेप’ म्हणत. सोळाव्या शतकापासूनच्या ओस्मानी नोंदवह्यांत त्यांच्या याद्या सापडतात.

७.
आरंभी हे काम अनेकांना शिक्षेसारखे वाटे, कारण राज्य ठरवील त्या भावाने माल द्यावा लागे. पण हळूहळू त्यातून एक जाळे उभे राहिले: कळप, कुरणे, वाटा, उधारी, ओळखी. मेंढ्यांवरील कर गोळा करण्याचा मक्ताही बल्गेरियन व्यापारी घेऊ लागले. कोतेल आणि झेरावना येथील मेंढीमालकांना ‘केहाया’ ही पदवी लाभली. हाही मूळचा फारसी शब्द, ‘कारभारी’ या अर्थाचा. एका केहायाच्या मागे शेकडो, कधी हजारो मेंढ्या आणि त्या राखणारे अनेक धनगर असत.

८.
या धंद्याचे कॅलेंडर सणांवर बसवलेले होते. वसंतात संत जॉर्जच्या दिवशी मेंढपाळांचा उन्हाळी हंगाम सुरू होई आणि कळप डोंगरातील हिरव्या कुरणांकडे वळत. शरदात संत दिमितारच्या दिवशी हिशेब होऊन मजुरी चुकती केली जाई आणि हिवाळ्यासाठी कळप खाली उतरत. डोंगरावर बर्फ असताना मेंढ्यांना चारा लागे तो सखल प्रदेशात. कोणी दक्षिणेला थ्रेसच्या मैदानात जात. कोतेल व झेरावना येथील मालकांचा मोठा ओढा मात्र ईशान्येकडे, डॅन्यूब आणि काळा समुद्र यांच्यामधील दोब्रुजा या विस्तीर्ण गवताळ पठाराकडे होता. तेथे त्यांचे हिवाळी वाडे असत. त्यांना तुर्की शब्दावरून ‘कश्ला’ म्हणत.

९.
येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. झेरावना गावाची खरी जमीन झेरावनात नव्हती. ती शेकडो किलोमीटर दूर दोब्रुजात होती आणि गावाची बाजारपेठ इस्तंबूलमध्ये. डोंगरात होती ती फक्त घरे, उन्हाळी कुरणे, चर्च आणि कुटुंबे. कळपाने कुरणापासून बाजारापर्यंत एकही आंतरराष्ट्रीय सीमा न ओलांडता जावे, हे केवळ एकाच कारणाने शक्य होते: हा सारा प्रदेश एकाच सुलतानाच्या अमलाखाली होता.

१०.
पुरुष वर्षातील मोठा काळ कळपांबरोबर बाहेर असत. गाव चालवत स्त्रिया. लोकर घरात येई. ती धुणे, पिंजणे, कातणे, रंगवणे, विणणे ही सारी कामे त्यांच्याच हातची. कोतेल परिसरातील भौमितिक नक्षीचे लोकरी गालिचे आजही बल्गेरियात नावाजलेले आहेत. जाड लोकरी कापडालाही मागणी होती. १८२६ मध्ये सुलतानाने जानिसारी पलटणी मोडून नवे सैन्य उभारले. त्याला गणवेश लागले, आणि १८३० च्या दशकात जवळच्या स्लिवेन शहरात दोब्री झेल्याझ्कोव याने बल्गेरियन भूमीतील पहिला कापड कारखाना काढला. डोंगरातील मेंढीच्या पाठीवरील लोकर साम्राज्याच्या शिपायाच्या पाठीवर चढली.

११.
पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. झेरावनाची मोठी घरे हा मेंढीचा पैसा आहे. तळमजला दगडाचा, वरचा मजला लाकडाचा, छपराची वळचण भिंतीच्या खूप पुढे आलेली, आत कोरीव छत आणि भिंतीत बसवलेली लाकडी कपाटे. रूसी चोर्बाजी या गावप्रमुखाचे घर आज संग्रहालय आहे. ‘चोर्बाजी’ ही पदवीही बोलकी आहे. मुळात ती जानिसारी पलटणीतील एका अधिकाऱ्याची. शब्दशः अर्थ ‘सूप वाढणारा’. पुढे ती सधन ख्रिस्ती गावपुढाऱ्यांना लावली जाऊ लागली.

१२.
पैसा केवळ घरांत गेला नाही. १७६५ मध्ये पाइसी हा भिक्षू स्वतः लिहिलेला बल्गेरियन इतिहासाचा ग्रंथ घेऊन कोतेलला आला. हा ग्रंथ १७६२ चा. छापखाना नव्हता, म्हणून तेथील धर्मगुरू स्तोइको व्लादिस्लावोव याने तो हाताने उतरवून घेतला. हाच स्तोइको पुढे ‘व्रात्साचा सोफ्रोनी’ या नावाने बिशप झाला आणि १८०६ मध्ये त्याने आधुनिक बल्गेरियन भाषेतील पहिले मुद्रित पुस्तक प्रसिद्ध केले. १८२४ चे प्रसिद्ध बालवाचन पुस्तक लिहिणारा पेतार बेरोन कोतेलचा. क्रांतिकारक गेओर्गी राकोव्स्की हाही कोतेलचाच.

१३.
झेरावना याबाबतीत मागे नव्हते. १८२५ मध्ये जन्मलेला साव्वा फिलारेतोव मॉस्को विद्यापीठात शिकला आणि सोफियात शिक्षक झाला. तेथील मुलींच्या शिक्षणाच्या आरंभाशी त्याचे नाव जोडलेले आहे. १८३५ मध्ये जन्मलेला तोदोर इकोनोमोव स्वतंत्र बल्गेरियाच्या पहिल्या पिढीतील राजकारणी व मंत्री झाला. १८३० च्या दशकात गावात संत निकोलसचे भव्य चर्च उभे राहिले. मेंढपाळांच्या एका लहानशा पट्ट्यातून इतकी माणसे निघाली याचे कारण सरळ आहे. कळपाबरोबर माणूस जग पाही, हिशेब ठेवावा लागे, पत्रे लिहावी लागत. म्हणून शाळा ही चैन नव्हती, धंद्याची गरज होती.

१४.
मात्र या वैभवाच्या काळातही माणसे जात होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘कर्जाली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लुटारू टोळ्यांनी बल्गेरियन प्रदेश उद्ध्वस्त केला. सोफ्रोनीने आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसांचे वर्णन केले आहे. १८२८-२९ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात रशियन फौजा स्लिवेनमध्ये आल्या. तहानंतर त्या परतल्या तेव्हा सुडाच्या भीतीने पूर्व बल्गेरियातील हजारो कुटुंबे त्यांच्यामागोमाग वालाकिया आणि बेसराबियात निघून गेली. आजच्या युक्रेन व मोल्दोवातील बल्गेरियन गावांपैकी अनेकांची मुळे त्या स्थलांतरात आहेत.

१५.
यानंतर धोका आला तो बंदुकीतून नव्हे, नांगरातून. १८५३-५६ च्या क्रिमियन युद्धाच्या काळात व त्यानंतर क्रिमियातून तातार आणि पुढे कॉकेशसमधून चेर्केस निर्वासित आले. सुलतानाच्या सरकारने त्यांतील पुष्कळांना दोब्रुजात वसवले. त्याच सुमारास युरोपात धान्याची मागणी वाढली. १८६६ मध्ये रूसे ते वार्ना हा लोहमार्ग सुरू झाला आणि डॅन्यूबपासून काळ्या समुद्रापर्यंत धान्य नेणे सोपे झाले. गवताळ पठार हळूहळू नांगराखाली आले. जिथे गहू पिकतो तिथे कळप चरू शकत नाही. झेरावनाचे वैभव ज्या गवतावर उभे होते, ते गवतच कमी होऊ लागले.

१६.
मग आले १८७७-७८ चे युद्ध आणि मुक्ती. ३ मार्च १८७८ च्या सान स्तेफानोच्या तहाने एक विशाल बल्गेरिया कागदावर अवतरला. चार महिन्यांत, १३ जुलै रोजी, बर्लिनमध्ये महासत्तांनी त्याचे तुकडे केले. बाल्कनच्या उत्तरेस बल्गेरियाचे संस्थान. दक्षिणेस सुलतानाच्या अधिराज्याखालील स्वायत्त ‘पूर्व रुमेलिया’. मॅसिडोनिया पुन्हा ओस्मानींकडे. उत्तर दोब्रुजा रुमानियाकडे. कोतेल व झेरावना पूर्व रुमेलियात पडले. त्यांची दोब्रुजातील कुरणे काही संस्थानात, काही रुमानियात, आणि त्यांचा इस्तंबूलचा बाजार एका परक्या देशात गेला.

१७.
या क्षणाचा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे. ज्या गावांनी पाइसीचा ग्रंथ उतरवून घेतला, शाळा काढल्या, क्रांतिकारक दिले, त्यांच्याच अर्थव्यवस्थेचा कणा स्वातंत्र्याने मोडला. १८८५ मध्ये पूर्व रुमेलिया आणि संस्थान एकत्र आले, पण जुना बाजार परत आला नाही. ओस्मानी सैन्याला कापड विकणे आता शक्य नव्हते. युरोपातील गिरण्यांचे स्वस्त कापड दारात आले होते. कोप्रिव्शतित्सा, कालोफेर यांसारख्या इतर समृद्ध डोंगरी गावांचीही तीच गत झाली. याचा अर्थ स्वातंत्र्य चूक होते असा नाही. अर्थ एवढाच, की इतिहासातील मोठ्या विजयाचे मोल पुष्कळदा तो विजय आणणाऱ्यांनाच मोजावे लागते.

१८.
मोल आणखी एका समाजानेही मोजले. युद्धकाळात आणि नंतर मैदानातून लाखो मुसलमान तुर्कस्तानकडे गेले. कित्येक वाटेतच मेले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या सुपीक जमिनी स्वस्तात विक्रीस निघाल्या. डोंगरातील बल्गेरियन कुटुंबांनी त्या घेतल्या. म्हणजे डोंगर रिकामा होण्याच्या कथेमागे मैदान रिकामे होण्याची दुसरी कथा आहे. एकाच्या निर्वासनातून दुसऱ्याचे स्थलांतर घडले. पहिल्याला पर्याय नव्हता, दुसऱ्याला थोडासा होता. पण दोघांच्याही मागे बंद दारे उरली.

१९.
झेरावनाचा सर्वांत प्रसिद्ध पुत्र याच स्थलांतराचे मूल आहे. कथाकार योर्दान योव्कोव ९ नोव्हेंबर १८८० रोजी तेथे जन्मला. शतक संपता संपता त्याचे कुटुंब दोब्रुजातील एका खेड्यात स्थायिक झाले. ते खेडे आज त्याच्या नावाने ‘योव्कोवो’ म्हणून ओळखले जाते. कळपांच्या जुन्या वाटेनेच हे कुटुंब गेले होते. फरक एवढाच, की पूर्वी लोक त्या वाटेने वसंतात परत येत. आता येईनासे झाले. तरुण योव्कोव दोब्रुजातील खेड्यांत शिक्षक झाला आणि पुढे बाल्कन युद्धांत अधिकारी म्हणून लढला.

२०.
त्या युद्धांनी उरलीसुरली वाटही तोडली. १९१३ च्या बुखारेस्ट तहाने दक्षिण दोब्रुजाही रुमानियाकडे गेली. पहिल्या महायुद्धाच्या काही काळाचा अपवाद सोडला, तर ती बल्गेरियाला परत मिळाली थेट १९४० मध्ये, क्रायोव्हाच्या तहाने. योव्कोव १९२० ते १९२७ या काळात बुखारेस्टमध्ये बल्गेरियन वकिलातीत नोकरीला होता. त्या वर्षांत, ज्या देशाकडे त्याचे दत्तक घर गेले होते त्याच देशाच्या राजधानीत बसून, त्याने आपल्या जन्मगावाच्या डोंगराकडे वळून पाहिले. १९२७ मध्ये त्याचा ‘स्तारा प्लानिनाच्या दंतकथा’ हा संग्रह आला. त्यातील ‘शिबिल’ या कथेची नायिका एका केहायाची मुलगी आहे. वास्तवातील केहाया तोवर इतिहासजमा होत आले होते.

२१.
येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो: गाव खचत गेले तर घरे कशी वाचली? उत्तर बरेचसे त्या खचण्यातच आहे. वाढत्या शहरांत जुनी लाकडी घरे पाडून विटांची बांधली गेली. कोतेलचा मोठा भाग १८९४ च्या आगीत जळाला. झेरावनावर अशी आग कोसळली नाही, आणि नवे बांधायला तेथे पैसा उरला नाही. १९५० च्या दशकात राज्याने गावाला वास्तुवारसा म्हणून संरक्षण दिले, तेव्हा जपण्याजोगे जे काही होते ते मोठ्या अंशी गरिबीने जपलेले होते. पर्यटकाला जे सौंदर्य दिसते ती पुष्कळ अंशी थांबलेल्या पैशाची खूण आहे.

२२.
१९४४ नंतर साम्यवादी राजवटीने दुसरा मोठा धक्का दिला. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ सर्व शेती सहकारी संस्थांत सामील करण्यात आली. त्यासाठी दडपणाचा सर्रास वापर झाला. खासगी कळप संपले. त्याच वेळी स्लिवेन, बुर्गास, सोफिया येथील कारखान्यांना हात हवे होते. तरुण माणसाच्या दृष्टीने शहरात पगार, सदनिका, दवाखाना, वीज आणि मुलांसाठी महाविद्यालय होते. १९४६ मध्ये बल्गेरियातील दर चार माणसांपैकी तीन खेड्यात राहत. २०२१ मध्ये दर चारांपैकी जवळपास तीन शहरात राहत होती. एका आयुष्याच्या अवधीत देश उलटा झाला.

२३.
कोतेल परिसराच्या कथेत आणखी एक वेदना आहे, आणि ती वगळली तर कथा खोटी ठरेल. येथील अनेक गावे तुर्की भाषिकांची आहेत. १९८४-८५ च्या हिवाळ्यात सरकारने त्यांना बळजबरीने स्लाव्ह नावे घ्यायला लावली. जानेवारी १९८५ मध्ये कोतेलजवळच्या याब्लानोवो गावाने प्रतिकार केला, तो सैन्य पाठवून मोडण्यात आला. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक तुर्क सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेले. काही परतले, पुष्कळ परतले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजवट कोसळली, पण रिकामी घरे आधीच झाली होती.

२४.
त्यानंतरची दहा वर्षे कठीण गेली. १९९१ च्या कायद्याने जमीन जुन्या मालकांना वा त्यांच्या वारसांना परत करायचे ठरले. तत्त्वतः न्याय्य, पण वारस शहरात होते आणि जमिनीचे तुकडे झाले होते. सहकारी संस्था मोडल्या, जनावरे वाटली किंवा विकली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात ऐंशी लाखांहून अधिक मेंढ्या होत्या. दशकभरात ती संख्या निम्म्याहूनही खाली आली. ज्या देशाच्या डोंगरांनी एके काळी एका साम्राज्याच्या राजधानीला मटण पुरवले, तेथील कुरणांवर झुडपे आणि जंगल चढू लागले.

२५.
१ जानेवारी २००७ रोजी बल्गेरिया युरोपीय संघात सामील झाला. आता जर्मनी, स्पेन, ब्रिटन येथे जाऊन काम करणे अधिक सोपे झाले. आकडे स्पष्ट आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशाची लोकसंख्या सुमारे नव्वद लाख होती. २००१ मध्ये ती ७९ लाखांवर आली, २०११ मध्ये ७३.६ लाखांवर, आणि २०२१ च्या जनगणनेत ६५,१९,७८९ वर. युद्ध नाही, दुष्काळ नाही, तरी तीन दशकांत देशाने पाव हिश्श्याहून अधिक माणसे गमावली. दीडशेहून अधिक खेड्यांची नावे आजही नकाशावर आहेत, पण जनगणनेत त्यांच्यापुढे शून्य लिहिलेले असते.

२६.
लोकसंख्या घटण्याचे गणित केवळ ‘माणसे गेली’ एवढ्यावर थांबत नाही. जाणारे बहुधा वीस ते चाळीस वयाचे असतात. त्यांच्याबरोबर त्यांची पुढे होणारी मुलेही जातात. मागे राहिलेल्यांत वृद्ध अधिक, म्हणून मृत्यू अधिक आणि जन्म कमी. मुले कमी म्हणून शाळा बंद. शाळा नाही म्हणून उरलेले तरुण कुटुंबही निघते. मग दुकान, मग बस, मग दवाखाना. एकदा हे चक्र फिरू लागले की ते थांबवायला चांगली नोकरीही पुरेशी पडत नाही, कारण नोकरी एका माणसाला मिळते, आणि गाव टिकायला पूर्ण कुटुंब लागते.

२७.
या साऱ्यात झेरावना तुलनेने सुदैवी आहे. वास्तुवारसा असल्याने पर्यटक येतात. जुनी घरे दुरुस्त करून कोणी अतिथिगृहे चालवतात, कोणी उन्हाळ्यापुरते येऊन राहतात. २००८ पासून दर ऑगस्टमध्ये गावाजवळच्या माळावर पारंपरिक पोशाखांचा महोत्सव भरतो. तेथे जुन्या पद्धतीचा पोशाख घातल्याशिवाय प्रवेश नाही. तीन दिवस हजारो लोक जमतात, शेकोट्या पेटतात, फेर धरून नाच होतो. मग ते पोशाख पुन्हा पेट्यांत जातात आणि गाड्या शहरांकडे परततात.

२८.
या महोत्सवाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एक म्हणजे हे नाटक आहे. ज्या जीवनाचा हा पोशाख होता ते जीवन संपले आहे. दुसरी म्हणजे ही अद्यापही एक हंगामी वाट आहे. झेरावना कधीच बारा महिने भरलेले गाव नव्हते. पुरुष हिवाळ्यात बाहेर असत आणि ठरलेल्या दिवशी परत येत. आजही लोक हंगामाने येतात आणि हंगामाने जातात. पण एक फरक दोन्ही दृष्टींना मान्य करावा लागतो. पूर्वी पुरुष गेले तरी चुलीजवळ स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती. माघारी येण्यासाठी कोणीतरी वाट पाहत असे.

२९.
झेरावनाची कथा म्हणूनच ‘शहराच्या मोहाने खेडे ओस पडले’ या सोप्या वाक्यात मावत नाही. गाव उभे राहिले ते राज्याच्या सवलतीमुळे, इस्तंबूलच्या भुकेमुळे आणि दोब्रुजाच्या गवतामुळे. ते खचले ते नांगर, लोहमार्ग, नव्या सीमा, गिरणीचे कापड, सहकारी शेती, वंशद्वेषी धोरण आणि खुल्या झालेल्या युरोपीय बाजारामुळे. यांतील प्रत्येक निर्णय गावाबाहेर झाला. गावकऱ्यांनी केले ते एवढेच, की दर वेळी उघडी असलेली वाट धरली. त्यांच्या पूर्वजांनीही तेच केले होते, आणि त्यालाच वैभव म्हटले गेले.

३०.
तेव्हा एखादे जुने गाव रिकामे दिसले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘लोक का गेले?’ याच्या आधी एक प्रश्न विचारावा: ‘लोक येथे जगत कशावर होते, आणि ती गोष्ट कोठून येत होती?’ झेरावनाच्या बाबतीत उत्तर गावाच्या वेशीत नव्हतेच. ते दोब्रुजाच्या पठारावर, जिथे आज क्षितिजापर्यंत गहू आणि सूर्यफूल दिसते, तिथे होते. कोरीव छताची ती घरे अजून उभी आहेत, छपरे शाकारली जात आहेत, दारे रंगवली जात आहेत. ज्या वाटेने त्यांचा पैसा येत असे, ती वाट मात्र आता कोणत्याही कळपाच्या पायाखाली नाही.